पोर्क पाई, टेकडी आणि दहापैकी गुण : एक खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
आमचा रविवारचा चालगट, लेस्टरशायर

विषय : पोर्क पाईच्या गुणांकनात टेकडीचा उघड वशिला

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मेल्टन मोब्रे ते बरो हिल या चालीत खाल्लेल्या पोर्क पाईंचा निकाल आपण जाहीर केलात. आपल्या काटेकोरपणाला तोड नाही. कवच, मांस, जेली आणि ‘एकंदर प्रभाव’ असे चार रकाने, तक्ता भिजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी, वर पाठपिशवीत वजनकाटा! दहावीच्या बोर्डाने आपल्याकडे शिकवणी लावावी.

मात्र एक शंका आहे. न्याहारी झाल्या झाल्या, मेल्टनच्या बाजारातल्या बाकावर कापलेल्या पाईला आपण साडेपाच गुण दिलेत. शेरा : ‘मांस करडे व मलूल, बाजू फुगलेल्या, आकार बेढब.’ पुढे चिखल तुडवत, कुंपणांवरच्या लाकडी पायऱ्या ओलांडत आपण बरो हिलवरच्या लोहयुगीन किल्ल्याच्या तटावर पोचलो आणि शेवटची पाई उघडली. तिला साडेनऊ. शेरा : ‘रंग प्रामाणिक, घडण हातची, डौल अस्सल.’

महोदय, दोन्ही पाई एकाच दुकानातल्या, एकाच घाण्यातल्या. खरेदीचे काम माझ्याकडे होते. वेष्टने तेवढी मी बदलली.

ज्यासाठी आपण खाली गुण कापलेत, तीच मेल्टन मोब्रेच्या पाईची ओळख आहे. इथे मीठ-क्षारात न मुरवलेले ताजे मांस वापरतात, म्हणून ते भाजल्यावर करडे दिसते. गुलाबी रंग मुरवलेल्या मांसाचा. डुकराची चरबी आणि गरम पाणी घालून मळलेल्या कणकेचे कवच साच्याच्या आधाराविना भाजतात, म्हणून बाजू फुगतात. आणि झाकणावरच्या ज्या भोकाबद्दल खजिनदारांनी ‘कीड?’ असे लिहिले आहे, त्यातूनच भाजल्यावर हाडांचा रस ओततात. मांस आकसून पडलेली पोकळी तो भरतो आणि गार झाला की त्याचीच जेली होते. या साऱ्या गुणांसाठी 2009 मध्ये युरोपीय संघाने या पाईला भौगोलिक मानांकन दिले. आपण त्याच वैशिष्ट्यांसाठी साडेचार गुण कापलेत.

तरी टेकडीवरचा निकाल मला चुकीचा वाटत नाही. या गावाच्या पंचक्रोशीत कोल्ह्यांच्या शिकारीला येणारे घोडेस्वार आणि त्यांचे मोतद्दार खिशात ही पाई घेऊन निघत. दणकट कवचामुळे ती फुटत नसे आणि गारच खायची असल्याने चूल लागत नसे. म्हणजे ही पाई दमलेल्या माणसाचीच. सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाल्लेल्याला हे वेगळे समजावायला नको. तेच पिठलं घरी ताटात आले की आपण मिठावरून बोलतो. भुकेला कोंडा गोड लागतो, ही तर पाई!

ज्यांना निःपक्षपाती निकाल हवा, त्यांची सोय आहे. मेल्टनच्याच सेंट मेरी चर्चमध्ये 2009 पासून ब्रिटिश पाई अवॉर्ड्स ही स्पर्धा भरते. तिथले परीक्षक टेबलापाशी पाई कापतात. त्यांच्या बुटांना चिखल नसतो आणि पोटात आठ किलोमीटरची भूक नसते. आपल्या परीक्षणात या दोन्ही गोष्टी आहेत, फक्त तक्त्यात त्यांची नोंद नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या चालीआधी तक्त्यात पाचवा रकाना घालावा : ‘खाण्यापूर्वी किती चाललो?’ ते जमणार नसेल, तर तक्ता, पिशवी आणि वजनकाटा घरी ठेवावा. पाई मात्र न विसरता आणाव्यात आणि माथ्यावर पोचेपर्यंत कुणालाही उघडू देऊ नयेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खरेदी विभागाचा एक सभासद