इंग्लंड जिंकण्याचा कंटाळा

महिलांच्या सिक्स नेशन्स रग्बीचं भविष्य सांगायला पंचांग उघडावं लागत नाही. २०१९ ते २०२५, सात वर्षं, सात विजेतेपदं, सगळी इंग्लंडची. २०२१ साली कोविडपायी स्पर्धा आखूड झाली, तरी करंडक त्यांच्याकडेच. उरलेल्या सहा वर्षांत पाचपैकी पाच सामने जिंकून ग्रँड स्लॅम. मग दर वसंतात एक रडगाणं ठरलेलं: इंग्लंडमुळे स्पर्धेतली मजा गेली हो!

गेली असेल. पण इंग्लंडच्या पोरी असं खातात तरी काय? पगार खातात. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या रग्बी मंडळाने २८ जणींना पूर्णवेळ करार दिले. त्या वेळी वेल्स आणि आयर्लंडच्या खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करत होत्या आणि सामन्यासाठी साहेबाकडे रजा मागत होत्या. वेल्सच्या पहिल्या १२ जणींना पूर्णवेळ करार मिळायला २०२२ उजाडलं. आयर्लंडने तर त्याच वर्षाचा नोव्हेंबर गाठला. फ्रान्सने मधला मार्ग काढून अर्धवेळ करार दिले. २०२५च्या निर्णायक सामन्यात फ्रान्स ट्विकनमवर ४३-४२ असा हरला. अर्धवेळ करारांवर एकाच गुणाने हार, म्हणजे सौदा स्वस्तच पडला म्हणायचा.

आयर्लंडची कथा यापेक्षा रंगतदार. २०१३ साली ग्रँड स्लॅम आणि २०१५ साली विजेतेपद मिळवणारा हा संघ २०२२ मध्ये झालेल्या विश्वचषकाला पात्रच ठरला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ६२ आजी-माजी खेळाडूंनी थेट सरकारला पत्र लिहिलं, की आमचा आमच्या मंडळावर विश्वास उरलेला नाही. मंडळाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग वर्षभराने करार काढले. २०२३ मध्ये एक मोठा शोधही लागला: मासिक पाळीत पांढरी शॉर्ट्स घालून खेळणं बायकांना अवघड जातं! तेव्हापासून आयर्लंडची शॉर्ट्स गडद निळी झाली. स्पर्धेचं बीज १९९६ सालचं, म्हणजे हा शोध २७ वर्षांचा. इतक्या अवधीत माणसं अवकाशात घर बांधून राहायला लागली होती.

एप्रिल २०२४ मध्ये याच आयर्लंडला इंग्लंडने ८८-१० असं तुडवलं. एकतर्फी, लाजिरवाणं वगैरे बोलून झालं. त्याच सप्टेंबरात, व्हँकुव्हरला, याच आयरिश पोरींनी जगज्जेत्या न्यूझीलंडला २९-२७ असं हरवलं. रडगाणं गाणाऱ्यांनी तेवढ्यापुरतं पाणी प्यायला थांबायला हवं होतं.

वेल्सच्या मंडळाची तऱ्हा न्यारी. २०२४ मध्ये नव्या करारांची बोलणी इतकी चिघळली, की शेवटी मंडळाला आपल्याच खेळाडूंची जाहीर माफी मागावी लागली. त्या वर्षी संघ तळाला होता, पुढच्या वर्षीही तळालाच. करारावर सही कशी करून घेतली जाते, हे मैदानात चेंडू पकडताना आठवत असेल काय?

‘बायकांची रग्बी बघतंय कोण?’ हा प्रश्न आता निदान लंडनमध्ये तरी कुणी मोठ्याने विचारत नाही. २०२३ च्या इंग्लंड-फ्रान्स सामन्याला ५८,४९८ लोक आले. २०२५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला त्याच ट्विकनमवर ८१,८८५. माणसं तिकिटं काढून येतात, बसायला जागा नसते, आणि काही मंडळांच्या हिशेबाच्या वहीत ही रग्बी अजून खर्चाच्या बाजूला लिहिलेली असते.

आता स्पेन. आठवतो का? कसा आठवेल! २००० पासून हा संघ सिक्स नेशन्सच्या याच स्पर्धेत खेळत होता. २००७ मध्ये त्याला काढून इटलीला घेतलं, कारण पुरुषांच्या स्पर्धेत इटली होता. बायकांच्या मैदानावर कोण कसं खेळतंय हा मुद्दाच नव्हता. भाऊ ज्या घरात, बहीण त्याच घरात. इटलीच्या मुलींनी नंतर जागेचं सोनं केलं, २०२५ मध्ये वेल्सला ४४-१२ असं लोळवलंही, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. स्पेन मात्र गेली काही वर्षं युरोपच्या दुसऱ्या फळीतली स्पर्धा जवळजवळ दरवर्षी जिंकतो आहे. जिंकला की बक्षीस एकच: पुढच्या वर्षी पुन्हा तीच स्पर्धा. बढतीची सोयच नाही. पदावनतीचीही नाही, त्यामुळे वेल्स सलग दोन वर्षं शेवटचा येऊनही जागचा हलत नाही.

आणि कंटाळा म्हणे इंग्लंडचा येतो.