असत्य : पदनिहाय वर्गीकरण

माणूस दिवसाला किती खोटं बोलतो, याचा हिशेब व्हर्जिनिया विद्यापीठातल्या बेला डीपावलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थी साधारण दोनदा, इतर नागरिक एकदा. आकडे बोलणाऱ्यांनीच आपापल्या डायरीत नोंदवलेले असल्यामुळे ते खरे मानण्याची प्रथा आहे.

कार्यालयातल्या खोट्याचं मूळ स्वभावापेक्षा नियमांत सापडतं. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याची अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे रोख पैसे मिळतात. वैद्यकीय दाखल्यावरच्या परिवर्तित रजेचे असे पैसे होत नाहीत. तेव्हा मेहुणीच्या लग्नासाठी अर्जित रजा टाकणारा स्वतःचाच खिसा कापून घेतो. त्याच आठवड्यात कावीळ झालेला मात्र काटकसरी ठरतो. कावीळ, टायफॉइड आणि कंबरदुखी हे यासाठी विशेष सोयीचे आजार. पुन्हा रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो. जाणता डॉक्टर दोन्ही कागद एकाच बैठकीत देतो, तारखा तेवढ्या वेगळ्या. (लग्नसराईत कंबरदुखी का बळावते, इकडे वैद्यकशास्त्राने अजून लक्ष दिलेलं दिसत नाही.)

पद वाढलं की खोटं स्वतः बोलावं लागत नाही. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य साहेब कधीच उच्चारत नाहीत. ते शिपाई म्हणतो, आणि आत एकच कप चहा त्यानेच नेलेला असतो. समोरच्यालाही ते ठाऊक असतं. तरी तो ‘बरं, बसतो’ म्हणतो. कारण साहेब मोकळे असूनही भेटत नाहीत हे उघड झालं, तर अपमान त्याचाच. ‘फाइल वर गेलीय’ याचाही उपयोग हाच. वरून माहिती मागवली की खालून ‘निरंक’ येतं. ते तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मंत्रालयात पोचतं, तिथे सगळ्या निरंकांची बेरीज होते आणि समाधान व्यक्त करण्यात येतं.

खासगी कंपन्यांत कागद कमी, पण राजीनामा ‘वैयक्तिक कारणास्तव’च द्यायचा असतो. ते कारण बहुधा शेजारच्या केबिनमध्ये बसलेलं असतं.

सर्वोच्च पदावरचं खोटं फक्त आकड्यांत बोललं जातं. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सला सप्टेंबर 2008 मध्ये उत्तम कंपनी-कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राने कळवलं, की ताळेबंदात दाखवलेली 5,040 कोटी रुपयांची रोकड आणि बँकेतली शिल्लक अस्तित्वातच नाही. हे एका रात्रीत घडलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं थोडी थोडी भर पडत गेली आणि लेखापरीक्षक सह्या करत गेले. एप्रिल 2015 मध्ये विशेष न्यायालयाने राजूंना 7 वर्षांची शिक्षा सुनावली; पुढच्याच महिन्यात अपिलावर जामीन मिळाला. पुरस्कार त्याआधीच काढून घेण्यात आला होता.