डेम्पस्टर आणि आमची पांदण

माझा भाचा कॅनडात असतो. त्यानं तिकडच्या डेम्पस्टर महामार्गावर गाडी घातली आणि तेव्हापासून आमच्या घरातलं कुठलंही बोलणं तिसऱ्या वाक्यापर्यंत टिकेना. पावसाचा विषय काढा, पीकविम्याचा काढा, बहिणीच्या गुडघ्याचा काढा. तिसऱ्या वाक्याला डेम्पस्टर हजर.

हा रस्ता युकॉनमध्ये डॉसन सिटीजवळ सुरू होतो आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून इनुविकला पोचतो. लांबी 736 किलोमीटर, आणि जवळजवळ सगळा खडीचा. 1979 साली तो खुला झाला, 2017 साली इनुविकहून पुढचा रस्ता थेट उत्तरेच्या समुद्रकाठी गेला. आत शिरलं की पहिला पेट्रोल पंप 369 किलोमीटरवर. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या आमच्या चारठाण्याहून निघालेल्या माणसाला पुणं जवळ येईस्तोवर पंप दिसायचा नाही. खडी अशी धारदार, की जाणती माणसं दोन-दोन स्टेपन्या घेऊन जातात.

"अरे, एवढा श्रीमंत देश आणि डांबराला पैसे नाहीत?" मी विचारलं.

भाच्याला हाच प्रश्न हवा होता. "मामा, ती खडी मुद्दाम ठेवलीय. खाली जमीन कायमची गोठलेली. ती वितळली की रस्ता खचलाच. म्हणून 1.2 ते 2.4 मीटर जाडीचा खडीचा थर घातलाय. काळं डांबर ऊन पितं, ते तिथं परवडत नाही."

थोडक्यात, जमिनीतल्या बर्फाला जाग येऊ नये म्हणून वरून खडीची गोधडी! माझा ऊर भरून आला. आमच्या शेताकडच्या पांदणीवर तीन वर्षांपूर्वी खडीचे ढीग पडले, ते अजून पसरायचे आहेत. एका ढिगावर एरंड उगवलाय, दुसऱ्याआड कुत्री दोनदा व्याली. आम्ही आपले उगाच कंत्राटदाराच्या नावानं बोटं मोडत होतो. यामागं शास्त्र असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

जुलैत भाचा गावी आला. पेरणी बघायला शेतात जाऊ म्हणालो.

"किती लांब?"

"दोन किलोमीटर."

त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि दुचाकीची किल्ली मागून घेतली.

इथं आमच्या काळ्या मातीबद्दल सांगायला हवं. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वर्षातून दोनदा कूस बदलणाऱ्या या बाईच्या अंगावर रस्ता टाकायचा म्हणजे झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर रांगोळी काढायची. डेम्पस्टरखाली बर्फ हलतो, पांदणीखाली माती हलते. फरक एवढाच, की त्यांनी आधी जमिनीचा स्वभाव विचारला आणि मग रस्ता केला. आम्ही आधी नारळ फोडला.

पहिलं अर्धं किलोमीटर भाचा आर्क्टिकच्या थाटात गेला. मग चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल भरत गेला आणि चाक फिरायचंच थांबलं. भाचा उतरला, तर पाय वर आला आणि बूट खाली राहिला. बूट उपसून काढला तेव्हा त्याचं वजन पाच शेर तरी भरलं असतं.

डेम्पस्टरवर गाडी बंद पडली तर कधी तासभर कुणी फिरकत नाही म्हणे. आमच्याकडं पाच मिनिटांत चार माणसं, एक शेळी आणि आठ सल्ले जमले. एकानं काडीनं चिखल कोरायला घेतला, दुसऱ्यानं तो कसा चुकीचा कोरतोय ते सांगायला. एका म्हाताऱ्यानं आधी विचारलं, "कुणाचा व्हय रं तू?" कुळाची खात्री पटल्यावर दुसरा प्रश्न आला, "पाऊस झाल्यावर या वाटंनं शहाणा माणूस येतंय का?"

दोन स्टेपन्या नेणाऱ्या माणसाकडं याचं उत्तर नव्हतं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण त्यानं लहानपणापासून ऐकली होती. तिचा उत्तरार्ध त्या दिवशी अनवाणी उभं राहून समजला. शेवटी म्हाताऱ्यानंच बैल आणले. पुढं बैलजोडी, मागं दोरखंडानं बांधलेली दुचाकी आणि तिच्यामागं हातात बूट धरलेला आर्क्टिकचा विजेता, अशी वरात गावात शिरली.

परतताना चारठाण्याचा जुना दगडी स्तंभ लागला. भाचा थांबला. "मामा, हा कित्येक शतकं उभाय. माती इथंही हलतच असेल ना?"

"हलते की. पण बांधणाऱ्यानं आधी खाली वाकून बघितलं असेल."

त्यानंतर डेम्पस्टरचा विषय घरात निघालेला नाही. तुम्ही मात्र चारठाण्याला जरूर या. देवळं आणि बारव बघण्यासारखी आहेत. हिवाळ्यात या, सडकेनं या. पावसाळ्यात पांदणीनंच यायचं असेल, तर दोन स्टेपन्या घरी ठेवा आणि बैल आधी सांगून ठेवा.