पाहिलात? मग पाहिलेलंच बोला!

भुईगावात सिनेमागृह नाही. किनारा आहे, सुरूची झाडं आहेत, वाड्या आहेत. मोठा पडदा बघायचा तर वसई नाहीतर नालासोपारा गाठावं लागतं. बस, रिक्षा, तिकीट, पॉपकॉर्न, पुन्हा रिक्षा. एवढा खटाटोप करून माणूस सिनेमा बघून येतो.

आणि सोमवारी सकाळी चर्चगेट लोकलमध्ये सांगतो काय? ‘तीन दिवसांत इतके कोटी!’

अरे दादा, त्यातले तुझ्या खात्यात किती आले?

निर्मात्याचा हिशेब निर्माता बघेल, नाहीतर आयकर खातं बघेल. तू पदरचे पैसे मोडून सिनेमा बघितलास ना, मग सिनेमाचं बोल. नायिकेचं वागणं कुठे पटलं, कुठे खटकलं? मध्यंतरानंतर घड्याळाकडे नजर का गेली? शेवट खरा वाटला की उरकलेला? हे तुझ्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. कोटींचे आकडे कोणीही पाठवतं.

वसईहून सुटलेली गाडी भाईंदरच्या खाडीपुलावर यायच्या आत निकाल लागलेला असतो. ‘कडक.’ ‘बकवास.’ ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ‘ओटीटीवर येऊ दे.’ शेकडो माणसांची वर्ष-दोन वर्षांची मेहनत, आणि निकालपत्र दोन शब्दांचं.

बकवास का, एवढं विचारून बघा. समोरचा चिडतो.

चिडणारच. कारण निम्म्या वेळा मत त्याचं नसतंच. रात्री रील बघितलं, सकाळी ते गाडीत ऐकवलं. रीलवाल्याने ‘सेकंड हाफ ताणलाय’ म्हटलं की डबाभर तेच. मग ताणलेला नेमका कोणता प्रसंग? शांतता.

बघितल्यावर मत बनवायचं, ही साधी रीत. आपण तीही उलटी केली. ‘छावा’चं घ्या. जानेवारी २०२५ मध्ये झलक आली, त्यात छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, महाराष्ट्रभर वाद झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंग काढला. सिनेमा लागला १४ फेब्रुवारीला. पण तोपर्यंत प्रत्येकाची बाजू ठरून गेली होती. तिकीट काढायचं ते बाजू पक्की करायला.

पुढचं आणखी भारी. मार्चमध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोकांनी रात्री टॉर्च घेऊन शेतं खणली. सिनेमात दाखवलेलं मुघलांचं सोनं मिळेल म्हणून! आधी न बघता भांडलो, नंतर बघून खणलो. मधल्या पावणेतीन तासांत पडद्यावर काय झालं, याबद्दल बोलायला कोणाला सवड मिळाली?

मग आला ‘सैयारा’. तारीख १८ जुलै २०२५. पोरंपोरी थिएटरात हमसून हमसून रडली. रडू दे, सिनेमा रडवण्यासाठीही असतो. पण रडताना समोर मोबाइल कोणी धरला होता?

त्याच दिवशी एक मराठी सिनेमाही लागला होता, ‘ये रे ये रे पैसा ३’. आठवडाभरात त्याच्या खेळांना कात्री लागली. मग नेहमीप्रमाणे आरडाओरडा, इशारे, निवेदनं. मराठी माणसाच्या राज्यात मराठीला पडदा नाही!

खरं आहे. पण पडदा मिळाल्यावर खुर्चीत कोण बसतं?

एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना सांगितलं, संध्याकाळी सहा ते नऊ मराठी सिनेमा दाखवा. बराच गदारोळ झाला. अखेर वेळ झाली दुपारी बारा ते रात्री नऊ. ठीक. सरकार पडदा मिळवून देऊ शकतं. रिकाम्या खुर्चीत शेजाऱ्याला नेऊन बसवायचं काम तुमच्या-माझ्या तोंडाचं आहे, आणि नेमकं तेच तोंड शुक्रवार ते रविवार बंद असतं.

मराठी सिनेमाकडे तीन दिवस असतात. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारपासून खेळ घटतात, पुढच्या शुक्रवारी पोस्टर उतरतं. आपल्याला जाग येते त्याच्या पुढच्या आठवड्यात. ‘चांगला होता म्हणे.’

मराठी सिनेमाच्या मयताला आपण हे एवढंच वाक्य घेऊन जातो.

‘स्थळ’ आठवतो? जयंत सोमलकरांचा. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, तोही मुलीच्या बाजूने. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित केलेला, गावचीच माणसं पडद्यावर. २०२३ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला. ७ मार्च २०२५ ला आपल्याकडे लागला. ज्या घरात पोहे खाऊन मुली नाकारल्या गेल्या, अशा प्रत्येक घरात यावर बोलणं व्हायला हवं होतं. झालं?

‘साबर बोंडं’चंही तेच. रोहन कानवडेंच्या या मराठी सिनेमाला २०२५ मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सप्टेंबरमध्ये तो इथे लागला. आपण अभिनंदनाचा संदेश पुढे पाठवला. तिकीट काढलं का?

आता कोणी म्हणेल, साध्या प्रेक्षकाच्या मताला विचारतो कोण? वर्तमानपत्रं आहेत, समीक्षक आहेत, तारे देणारे आहेत.

‘शोले’ला विचारा.

१५ ऑगस्ट १९७५. सिनेमा लागला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाक मुरडलं, व्यापारातल्यांनी ‘आपटला’ म्हणून टाकलं. जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा, इथवर गोष्ट गेली होती. मग लोक बोलायला लागले. ग्रँट रोडला उतरून मिनर्व्हा थिएटरात जाऊन आलेला माणूस घरी येऊन गब्बरचे संवाद म्हणून दाखवायचा. संवादांची स्वतंत्र तबकडी निघाली आणि खपली. मिनर्व्हात सिनेमा पाच वर्षं चालला. तेव्हा रील नव्हतं. माणसाने माणसाला सांगितलं, बस्स.

आणि बायकांचं तोंड? ते तर त्याहून जबरदस्त.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. शहाण्यासुरत्यांनी हसून घेतलं. गावोगावच्या बायका गाड्या करून गेल्या, रडून आल्या, पुन्हा जावेला घेऊन गेल्या. ३० जून २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ लागला. नऊवारी नेसून, गॉगल लावून बायका घोळक्याने निघाल्या. पटकथेची बांधणी वगैरे कोणी बोललं नाही. सहा बहिणींतली अमुक एक अगदी आमच्या नणंदेसारखी, एवढंच बोलल्या. सिनेमाबद्दल बोलणं यालाच म्हणतात. पडद्यावरचं माणूस आपल्या घरातल्या माणसाशी ताडून बघायचं.

उगाच ‘सिनेमॅटोग्राफी’, ‘स्क्रीनप्ले’, ‘बीजीएम’ तोंडात घोळवायची गरज काय? पडद्यावरच्या कोळ्याला जाळं फेकता येतं का, हे किनाऱ्यावरच्या माणसाला तत्काळ कळतं. वाडीतली बाई खुरपं धरते कशी, हे वाडीत राबणाऱ्याला कळतं. हे ज्ञान समीक्षकाकडे कुठून येणार? पण आपण ते बाजूला ठेवतो आणि त्याचे शब्द उसने आणतो.

‘दशावतार’ घ्या. सप्टेंबर २०२५ चा सिनेमा. वयाच्या ऐंशीनंतर दिलीप प्रभावळकर पडद्यावर दशावतारी कलावंत होतात, कोकणातलं रान आणि त्यावर टपलेल्या खाणी यांची गोष्ट. आता सांगा, वसईच्या हिरव्या पट्ट्यातल्या माणसाइतकं यावर बोलण्यासारखं कोणाकडे आहे? इथे हरित वसईचं आंदोलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बिल्डरांशी झुंज घेतली. २००९ मध्ये महापालिका आली तेव्हा ‘आमची गावं वगळा’ म्हणून लोक रस्त्यावर उतरले. हा माणूस ‘दशावतार’ बघून येतो आणि म्हणतो, ‘क्लायमॅक्स भारी.’

एवढंच? जमिनीवर डोळा ठेवून गाडीतून उतरणारा माणूस दिसतो कसा, बोलतो कसा, हे तुम्ही बघितलंय. पडद्यावरचा तसा होता का? तेच तर ऐकायचंय.

आणखी एक. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षं एकाच साच्यातला. हातात बाटली, तोंडात मोडकी हिंदी, मुलगी फ्रॉकमध्ये. वसईचा ख्रिस्ती शेतकरी मराठी बोलतो, मराठीत प्रार्थना करतो. त्याच्यातल्याच दिब्रिटोंनी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. मग पडद्यावरची ती खोटी माणसं बघून या पट्ट्यातला प्रेक्षक मोठ्याने का बोलला नाही, की हे आम्ही नव्हे?

वसईचा किल्ला तर जगाने बघितला. २०१६ मध्ये ‘कोल्डप्ले’ या इंग्रजी बँडच्या गाण्यातसुद्धा तो झळकला. किल्ला दिसला. वसईचा माणूस कधी दिसणार?

कुरकुर करणारे पुष्कळ. प्रेक्षक म्हणून मागणी करणारे कमी.

आता फुकट्यांकडे वळू. ‘टेलिग्रामवर आलाय, पाठवू?’ थिएटरात चोरून टिपलेली प्रत, पुढच्या रांगेतल्याचं डोकं मध्ये, आवाज विहिरीतून आल्यासारखा. तीच बघून हा ऐकवणार, ‘प्रकाशयोजना काही खास नाही.’ २०२३ च्या सुधारित कायद्याने अशा चोरट्या चित्रणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवलाय. बघणारा मात्र मत देऊन मोकळा.

घरी बघणारे तरी धड बघतात का? एका हातात फोन, सिनेमा दीडपट वेगाने. वर तक्रार, ‘भावना पोचत नाहीत.’ पोचतील कशा? त्यांना थांबायला जागा ठेवलीत का?

आणि शेवट फोडणारे! यांना तर वेगळा डबा हवा. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली सुरू झालं. खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रयोगानंतर प्रेक्षकांना करतात. पिढ्या बदलल्या, लोक अजून गुपित राखतात. आपल्याकडे शुक्रवारच्या पहिल्या खेळाचं गुपित मीरा रोड येईपर्यंत टिकत नाही. अख्खी गोष्ट सांगितली म्हणजे मत दिलं, असं यांना वाटतं. गोष्ट लेखकाची होती. तुमचं काय?

साध्या प्रेक्षकाच्या बोलण्याची किंमत कोणाला कळली, माहीत आहे? निर्मात्यांना. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. मागणी काय, तर पहिले तीन दिवस समाजमाध्यमांवर परीक्षणं नकोत. न्यायालयाने अशी बंदी घालायला नकार दिला. केरळात त्याच्या आदल्या वर्षी ठरवून बदनामी केल्याच्या तक्रारीवर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. पैसे घेऊन चिखलफेक करणारे आहेतच, त्यांना धरा. पण तिकीट काढून आलेल्याचं तोंड बंद? ते कसं चालेल?

उलटही तितकंच खरं. प्रीमियरला बोलावलेली मंडळी बाहेर पडतात, समोर माइक येतो, आणि प्रत्येक सिनेमा ‘अप्रतिम’ असतो. प्रत्येक. मग त्या शब्दावर कोणी का विसंबावं?

राहिलो आपण. कोणी बोलावलेलं नाही, कोणी पैसे दिलेले नाहीत, कोणाचं देणं लागत नाही. इतकं मोकळं मत बाजारात दुसऱ्या कोणाकडे आहे? ते आकड्यांवर आणि रीलवर उधळायचं, हा शुद्ध करंटेपणा.

हे नीट करता येतं आणि करून दाखवलेलं आहे. मुंबईत १९६८ साली ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं. सिनेमा बघायचा आणि त्यावर बोलायचं, म्हणून माणसं एकत्र आली. वसईपासून अर्नाळ्यापर्यंतच्या गावांत वाचणारी, नाटकात रमणारी माणसं भरपूर. महिन्याला एक सिनेमा एकत्र बघा आणि अर्धा तास बोला. जागा नाही म्हणता? भुईगावचा किनारा आहे की.

तर एवढं करा. सिनेमा पुरता बघा, फोन खिशात ठेवून. आवडला तर कोणता प्रसंग आवडला ते सांगा, नाही आवडला तर कुठे फसला ते सांगा. शेवट सांगू नका. कोटी मोजू नका. न बघितलेल्यावर बोलू नका. आणि मराठी सिनेमा चांगला निघाला तर शुक्रवारी रात्रीच दहा जणांना कळवा. दुसऱ्या आठवड्यात केलेलं कौतुक वाया जातं, तोपर्यंत पोस्टर उतरलेलं असतं.