सौदा दिल्लीत, झळ पिंपळगावात

ऊर्जा सुरक्षा हा दिल्लीतल्या साहेबांचा विषय, आपला काय संबंध, असं ज्यांना वाटतं त्यांनी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात यावं आणि मिरचीच्या एका बेडजवळ पाच मिनिटं उभं राहावं.

बेडवर अंथरलेला मल्चिंग पेपर पॉलिथिनचा. त्याखालची ठिबकची नळीही पॉलिथिनची. दोन्हींचा कच्चा माल खनिज तेलातून किंवा नैसर्गिक वायूतून येतो. ठिबकमधून सोडलेला युरिया वायूपासूनच बनतो. नांगरटीला डिझेल, फवारणीच्या पंपाला पेट्रोल, तोडणीच्या बायकांना शेतावर आणणाऱ्या गाडीला पुन्हा डिझेल. हिरवी मिरची उद्याची वाट पाहत नाही. बाजारात काटा झाला की गोण्या ट्रकमध्ये चढतात आणि ट्रक परराज्याच्या वाटेला लागतो. त्याचं भाडं शेवटी मिरचीच्या भावातूनच कापलं जातं. एका बेडवर एवढं तेल आणि एवढा वायू सांडलेला असताना परराष्ट्र धोरण शेतकऱ्याच्या बांधाबाहेरचं कसं?

आता आकडे पाहा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी जवळपास 88 टक्के आपण बाहेरून आणतो. नैसर्गिक वायू निम्म्याच्या आसपास, घरगुती सिलिंडरमधला गॅस 60 टक्क्यांच्या घरात. सिलिंडरचा बहुतेक आयात गॅस आखातातून, म्हणजे इराण आणि ओमानमधल्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. 2024 मध्ये जगातल्या तेलाचा पाचवा हिस्सा याच वाटेने गेला. उज्ज्वला योजनेने 2016 पासून गावोगावच्या चुलीवरचा धूर कमी केला, हे मोठं काम झालं. पण त्याबरोबर आमच्या माय-माउलीचा स्वयंपाकही होर्मुझला बांधला गेला.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्याआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. पाश्चिमात्यांनी डोळे वटारले, तरी भारताने सवलतीचं रशियन तेल घेतलं आणि दोन वर्षांत तो वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. मी या खरेदीच्या बाजूने आहे. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या देशाने तेल कुठून घ्यायचं, हे वॉशिंग्टनने ठरवू नये. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने याच कारणावरून आपल्या मालावर आणखी 25 टक्के शुल्क लादलं आणि एकूण बोजा 50 टक्क्यांवर गेला. मुंबईच्या सीप्झमधले दागिने आणि सोलापूरचे टॉवेल, ज्यांचा तेलाशी काडीचा संबंध नाही, त्यांच्यावरही त्याची झळ आली. किंमत मोजली ती कारागिरांनी आणि कामगारांनी.

मग फायदा कुणाला झाला? 2022 मध्ये तेल कंपन्यांनी तोटा सोसला, हे मान्य. पण 2023-24 मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघांनी मिळून सुमारे 81 हजार कोटी रुपयांचा नफा कमावला. मे 2022 मध्ये केंद्राने अबकारी शुल्क कमी केलं आणि त्या जुलैत राज्याने व्हॅट घटवला. पुढे पंपावरचा भाव कमी झाला तो थेट मार्च 2024 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, लिटरमागे 2 रुपयांनी. एप्रिल 2025 मध्ये जगात तेल उतरलं, तेव्हा केंद्राने अबकारी शुल्क 2 रुपयांनी वाढवलं. पंपावरचा भाव वाढला नाही, पण उतरायची संधी मात्र खजिन्यात गेली. राज्य सरकारचा व्हॅटही त्याच लिटरमध्ये बसलेला आहे, तेव्हा मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवू नये. स्वस्त तेल आणल्याची पाठ थोपटून घ्यायची असेल, तर वाचलेल्या पैशातले किती भोकरदनच्या पंपापर्यंत पोहोचले, हे आधी सांगा.

ऊर्जेचे करार डॉलरमध्ये होतात आणि त्यांची बिलं आपण रुपयांत भरतो, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. दाभोळचा वीज प्रकल्प आठवा. 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी बोलणी ठरली, 1999 मध्ये नाफ्त्यावर 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. इंधन महागलं, रुपया घसरला आणि ती वीज घेणं राज्य वीज मंडळाला झेपेना. सह्या करणारे निघून गेले, भुर्दंड ग्राहकांच्या माथी राहिला.

खताचंही तेच. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण सरकार अनुदान देतं. पण बराचसा युरिया आयात वायूवर चालणाऱ्या कारखान्यांत बनतो, आणि त्या वायूचा मोठा पुरवठादार कतार. फेब्रुवारी 2024 मध्ये पेट्रोनेट या वायू आयात करणाऱ्या कंपनीने कतारशी वर्षाला 75 लाख टन वायूचा करार 2048 पर्यंत वाढवला. चांगलं केलं. चीनने डीएपीची निर्यात आवळली, तेव्हा जुलै 2025 मध्ये सौदी अरेबियाशी वर्षाला 31 लाख टनांचा पाच वर्षांचा करार झाला. तेही योग्यच. पण खरिपाच्या तोंडावर दुकानासमोर रांग लागते आणि एका गोणीबरोबर नको ते औषध गळ्यात मारलं जातं, तेव्हा हे करार शेतकऱ्याच्या कामी येत नाहीत. हे लिंकिंग रोखायला रियाध किंवा दोह्याची परवानगी लागत नाही. तालुक्याचा कृषी अधिकारी दुकानात उभा राहिला तरी पुरे.

तेल साठवायला विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे जमिनीखाली 53 लाख 30 हजार टनांच्या गुहा आहेत. त्या काठोकाठ भरल्या तरी देशाची गरज जेमतेम साडेनऊ दिवस भागेल. कंपन्यांचे साठे धरून दिवस वाढतात, पण एवढ्यावर निर्धास्त झोपता येणार नाही.

खरी सुटका गरज कमी करण्यात आहे. 2015 मध्ये पॅरिसला भारताने फ्रान्सबरोबर आंतरराष्ट्रीय सौर आघाडी उभी केली, तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे. ज्या देशाने जगाला सूर्याकडे बघायला लावलं, त्या देशातल्या शेतकऱ्याने मध्यरात्री बॅटरी घेऊन साप-विंचवातून मोटार चालू करायला का जावं? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्याने 2024 मध्ये वीज मोफत केली. पण रात्री दोनला येणारी लाईट फुकट असली तरी महागच. शेजारच्या जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा 3 मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला आणि दिवसा वीज देता येते हे सिद्ध झालं. आता तोच वेग भोकरदनला हवा. आणखी एक सावधगिरी हवी. सौर पॅनेलच्या उत्पादनात प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे. आखाताच्या दावणीतून सुटून चीनच्या दावणीला बांधून घ्यायचं नसेल, तर पॅनेलच नव्हे, त्यातले सेल आणि वेफरही इथेच बनले पाहिजेत.

म्हणून येत्या निवडणुकीत जो कुणी तुमच्या ओट्यावर येईल, त्याला तीनच गोष्टी विचारा. जगात तेल उतरलं की आमच्या पंपावर किती दिवसांत उतरेल? पेरणीआधी खत लिंकिंगशिवाय मिळेल का? आणि आमच्या फीडरला दिवसा लाईट कोणत्या तारखेपासून? तारीख सांगणाऱ्यालाच मत द्या.