शेवटची टाचणी

उष्णतेचं वहन शिकवायला फारसं काही लागत नाही. लोखंडाची एक सळई, मेणबत्तीचं मेण, चार टाचण्या, स्पिरिटचा दिवा. आणि पंखा बंद करण्याचं धाडस. एप्रिलात भरल्या वर्गातला पंखा बंद केला की वहन, अभिसरण, प्रारण तिन्ही एकदम शिकवून होतात. सळई तापवायचीही गरज उरत नाही.

पुस्तकातल्या चित्रात टाचण्या ओळीनं, शिस्तीत पडतात. आमच्याकडे पहिली पडते तेव्हा टाळ्या होतात. दुसरीवर मागच्या बाकांवर पैजा लागतात. तिसरीपर्यंत पैजेतली चिक्की संपलेली असते. चौथी पडत नाही.

“सर, ही डिंकानं लावलीय का?”

बिचाऱ्या टाचणीचा दोष नसतो. असल्या सळईतून उष्णता दुप्पट लांब जायला साधारण चौपट वेळ घेते, त्यात वाटेवर हवा आपला हिस्सा काढून घेत राहते. पंगतीत शेवटच्या पानापाशी जिलबीची परात येते तेव्हा तिच्यात पाकच उरलेला असतो, तशातली गत. सळईचं पलीकडचं टोक कोमट होतं आणि तिथंच समाधान मानतं. मेणाला वितळायला साठेक अंश तरी हवेत. तांबं लोखंडाच्या जवळजवळ पाचपट सुवाहक, त्याची सळई घेतली तर चौथीही पडेल. पण ती कपाटात कुलपात असते, आणि किल्लीवाले सर निवडणुकीच्या ड्यूटीवर.

यान इंगेनहाउस हा डच डॉक्टर हुशार. 18व्या शतकात, बेंजामिन फ्रँकलिननं सुचवल्यावरून, त्यानं निरनिराळ्या धातूंच्या तारांना मेण चढवलं, टोकं गरम तेलात बुडवली आणि मेण कुठवर वितळलं तेवढं पाहिलं. टाचणीची भानगडच नाही. शिवाय तो व्हिएन्नाच्या राजघराण्याचा वैद्य. तेल तापतंय तोवर त्याला कोणी ‘सर, पाणी पिऊन येऊ?’ विचारत नसणार.

जर्नलमध्ये मात्र सगळ्यांच्या चारही टाचण्या पडलेल्या असतात. न पाहता, सुवाच्य अक्षरात. यंदा एका मुलीनं लिहिलं, ‘चौथी टाचणी तास संपेपर्यंत पडली नाही.’ मी पैकीच्या पैकी गुण दिले. पालकसभेला तिचे वडील भेटले, जरा काळजीतच होते.

“सर, गाईडमध्ये तर पडलीय.”