एक पथारी, बारा फोन

आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं आणि तंत्रज्ञानाचं नातं जुनं आहे, आणि मी मध्ये पडेपर्यंत ते उत्तम चाललं होतं. देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली ती २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच टेंभली गावात, त्यासाठी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आल्या-गेल्याचं अजून लोक सांगतात. २०२१ पासून तर शेतकरी ई-पीक पाहणीसाठी स्वतःच्या शेतात उभा राहून स्वतःच्या पिकाचा फोटो स्वतःच चढवतो. अशा जिल्ह्यात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला आपणही एखादं ॲप बनवावं असं वाटलं, तर त्यात नवल काय? आमच्या हिला मात्र वाटलं. ती म्हणाली, "आधी गिझरचं बटण दुरुस्त करा."

आता विषय काय घ्यायचा, तर तो घरातच होता. माझे दाजी मिरचीचे व्यापारी. दसरा उलटला की नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात, व्यापारी ती घेतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घालतात. मग सगळा शिवार लाल दिसतो, येणारा-जाणारा शिंकत जातो, आणि व्यापारी मान वर करून आभाळाकडे बघत बसतो, कारण अवकाळीची एक सर आली तरी पथारीवरचा माल काळा पडतो. मी ठरवलं, दाजींची मान दुखायला नको. ॲपचं नाव 'पथारी'. त्यात मालाचा फोटो, ओलं वजन, जागेची नोंद, आणि पावसाचा अंदाज आला की मोठ्ठी घंटा. पुण्यातल्या भाच्याने चार व्हिडिओ पाठवले, ते मी पुढेमागे करत पाहिले, आणि एके दिवशी माझ्या फोनवर घंटा वाजली. गिझर अजून बंदच होता.

नव्या वैयक्तिक खात्यावरून ॲप प्ले स्टोअरवर आणायचं, तर आधी किमान बारा जणांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहायला हवं, असा नियम आहे. मला तो फारच सोपा वाटला. खान्देशात शेवभाजीचं नुसतं नाव काढलं तरी बारा माणसं जमतात. तशी ती जमली, जेवली, ढेकर देऊन त्यांनी फोन बाहेर काढले, आणि मी मोठ्या डौलाने सगळ्यांना लिंक पाठवली. दाजी, ताई, शेजारचे आप्पा, किराणावाले, पथारीचे राखणदार बाबा, सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसले. जरा वेळाने आप्पा म्हणाले, "भाऊ, मना फोनमा काहीच दिखत नई!" मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. भाचसुनेच्या आयफोनवर अँड्रॉइडचं ॲप चालतच नसतं, हे तिनेच मला शेवटी समजावलं. तोवर मी तिला "पुन्हा एकदा डाऊनलोड करून बघ" असा वडीलकीचा सल्ला देत होतो.

बाकीच्यांचं कारण साधं होतं. ॲप करायला घेतानाच संगणक विचारतो, अँड्रॉइडच्या किती जुन्या आवृत्तीपर्यंत हे चालवायचं? मी माझ्या फोनची आवृत्ती लिहिली होती, चौदावी. पथारीवरच्या मंडळींपैकी कोणाचाच फोन त्या वयाचा नव्हता. स्वतःच्या अंगाची मापं घेऊन गावभराचे कपडे शिवणारा शिंपी तुम्ही पाहिला नसेल, तर चहाला या.

मग मी अँड्रॉइडचा इतिहास काढून बसलो. या आवृत्त्यांची नावं पूर्वी गोडाधोडाची असत: २०१३ ची किटकॅट, २०१४ ची लॉलीपॉप, २०१५ ची मार्शमॅलो, पुढे नोगट, ओरिओ, पाय. २०१९ मध्ये दहावी आली आणि गोड संपून नुसते आकडे उरले. मिरचीच्या गावात, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना, मी ही मिठाई क्रमाने पाठ केली. मर्यादा खाली आणून लॉलीपॉपपर्यंत, म्हणजे पाचव्या आवृत्तीपर्यंत नेली. आता ॲप बहुतेकांच्या फोनमध्ये शिरलं. शिरलं आणि उघडताक्षणी बंद पडलं. नव्या आवृत्तीत जी कामं फोन सांगताक्षणी करतो, त्यातली कित्येक जुन्या फोनने ऐकलेलीच नसतात. न ऐकलेलं काम सांगितलं की तो आडवा पडतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी फोनला वय विचारायचं, जर सहाच्या वर असशील तर असं कर, नाहीतर तसं कर. पावसाच्या घंटेपेक्षा माझ्या ॲपमध्ये जर-तरच जास्त झाले.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. आवाजावरून रक्तदाब कळत होता. ई-पीक पाहणीचं अनुकरण करून मी असं ठेवलं होतं, की माणूस पथारीवर उभा असेल तरच नोंद घ्यायची. दाजी घोट्यापर्यंत मिरचीत उभे होते आणि ॲप त्यांना सांगत होतं, 'तुम्ही पथारीवर नाही.' झालं होतं असं, की बाराव्या आवृत्तीपासून फोन ठिकाण देताना विचारतो, अचूक देऊ की अंदाजे? दाजी व्यापारी माणूस. नेमका आकडा कोणालाही सांगायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. त्यांनी 'अंदाजे' दाबलं. अंदाजे म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा घोळ. ॲपच्या हिशेबाने दाजी, त्यांची मिरची आणि तिथे देठ खुडत बसलेल्या बाया असा सगळा संसार रेल्वे स्टेशनवर होता.

ताईची तक्रार वेगळी. "तुझ्या ॲपमध्ये सगळं भरता येतं रे, पण ठेवता येत नाही." चष्मा लागू नये म्हणून तिने फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली, त्यामुळे माझं 'जतन करा' हे बटण पडद्याच्या खाली घसरून गेलं होतं. किराणावाल्यांनी डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा काळा केलेला. मीही काळ्या शाईतच सगळं लिहिलेलं. त्यांच्या फोनवर माझं ॲप म्हणजे शुद्ध अंधार. तरी ते भले गृहस्थ म्हणाले, "छान आहे, सुटसुटीत आहे."

मग आली ती रात्र. अंदाज पावसाचा होता. नोंद केल्याप्रमाणे बारा फोनांवर घंटा वाजायला हवी होती. राखणदार बाबांचा फोन खाटेवर पडला होता आणि मार्शमॅलोपासून अँड्रॉइडला अशी सवय आहे, की फोन निपचित पडला, पडदा बंद असला, की तो ॲपांनाही झोपवतो आणि त्यांची कामं पुढे ढकलतो. दाजींचा फोन नवा, तेराव्या आवृत्तीचा. तिथे सूचना द्यायलासुद्धा आधी परवानगी लागते, आणि ती मागितल्यावर दाजींनी 'नको' म्हटलं होतं, कारण कुणी काहीही मागितलं तर आधी 'नको' म्हणायचं असतं. ताईच्या फोनने बॅटरी वाचवण्यासाठी माझं ॲप संध्याकाळीच गुंडाळून ठेवलं होतं. घंटा वाजली ती फक्त माझ्या फोनवर, मध्यरात्री, पूर्ण आवाजात. आमच्या घरी मिरची असते ती बरणीत. ही उठून बसली आणि तिने जो काही पाऊस पाडला, त्याचा अंदाज कोणत्याही खात्याला आला नसता.

पथारीवर मात्र सारं सुखरूप होतं. गार वारा सुटताच बाबांनी ताडपत्र्या ओढून घेतल्या होत्या. फोन तेव्हाही झोपलेलाच होता.

या सगळ्यात एक हिशेब मला उशिरा कळला, गणिताचा मास्तर असूनही. आमच्याकडे नवा फोन येतो तो कॉलेजातल्या मुलाकडे. त्याचा जुना बापाकडे, बापाचा आईकडे, आणि आईकडून काच तडकलेल्या अवस्थेत तो जातो पथारीच्या राखणदाराकडे. म्हणजे ज्याचा फोन सगळ्यात नवा, त्याचा मिरचीशी संबंध फक्त पावभाजीपुरता. आणि ज्याने रात्रभर माल राखायचा, त्याच्या हातात घरातली सगळ्यात म्हातारी आवृत्ती. ॲप चालायला हवं ते त्या फोनवर. मी ते चालवून बघितलं होतं माझ्या फोनवर.

आता सुधारणा चालू आहेत. बाबांसाठी ॲप हलकं केलं तर भाच्याच्या पंधराव्या आवृत्तीवर मथळा वर सरकून थेट घड्याळाखाली जातो. मथळा खाली आणला तर ताईचं बटण पुन्हा तळघरात. शिवाय प्ले स्टोअरचा दंडक असा, की दरवर्षी साधारण ऑगस्टअखेरपर्यंत ॲपने अलीकडच्या आवृत्तीशी जुळवून घेतलं पाहिजे. मिरचीचा हंगाम दसऱ्यानंतरचा, माझा त्याच्या आधीच सुरू होतो. शेवटी भाच्याने सुचवलं, "मामा, घंटेऐवजी साधा एसएमएस पाठवा." एसएमएस १९९२ पासून आहे, त्याला आवृत्ती लागत नाही, परवानगी लागत नाही, बटणाच्या फोनवरही तो जातो. मी तो पर्याय बसवला आणि पहिल्यांदाच सगळं मनासारखं झालं असं वाटून निवांत झोपलो.

पहाटे फोन वाजला. एसएमएस नव्हता, पथारीवरून बाबांचा होता, अगदी शांत आवाजात.

"पानी यी ऱ्हायनं, भाऊ. तुमना ॲपले सांगी द्या."